गंधपुऱ्याच्या मागावर उटीला: आत्या, तिचे गुडघे आणि मी

दिवस १ आणि २ : पुणे ते मेट्टुपालयम

ही सगळी सहल एका बामच्या ट्यूबमुळे झाली.

माझ्या आत्याने कराडला ३४ वर्षं औषधाचं दुकान चालवलं. आता ती बहात्तर वर्षांची आहे, दुकान विकलंय, आणि गुडघ्यांनी संप पुकारलाय. रोज रात्री झोपताना ती गुडघ्यांना बाम चोळते. दिवाळीत तिच्याकडे गेले होते तेव्हा चष्मा पुसून ट्यूबमागची बारीक अक्षरं वाचत बसली होती. "पुदिना सत्त्व, टर्पेंटाइन, निलगिरी तेल, गंधपुरा तेल. अगं, पुदिना माहीत आहे, निलगिरी माहीत आहे. पण हा गंधपुरा जन्मभर विकला आणि त्याचं झाड कधी पाहिलं नाही बघ."

मी झाडाफुलांची हौशी मंडळी. शोधलं. गंधपुरा म्हणजे गॉल्थेरिया फ्रॅग्रंटिसिमा. बुरांश (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन), ब्लूबेरी आणि स्कॉटलंडच्या माळांवरचं हेदर ज्या कुळातले, त्याच हीथ कुळातलं हे झुडूप. हिमालयात आहे, मेघालयात आहे, श्रीलंकेत आहे, आणि दक्षिणेत नीलगिरीच्या डोंगरांत आहे. आपल्या बाजूच्या डोंगरांत मी तरी कधी पाहिलेलं नाही.

हे ऐकून आत्या हसायलाच लागली. कारण मराठीत आपण 'निलगिरी' म्हणतो ते झाड, म्हणजे ते उंच, साल सोलून निघालेलं, सर्दी झाली की ज्याच्या तेलाचे दोन थेंब रुमालावर घ्यायचे ते, नीलगिरीचं नाहीच. ते ऑस्ट्रेलियाचं. १८४३ साली कॅप्टन कॉटन नावाच्या साहेबाने ते उटीला आणून लावलं, पुढे सरपणासाठी त्याची रानंच्या रानं झाली, आणि आपण डोंगराचं नाव उचलून झाडाला देऊन टाकलं. जो खरा तिथला भूमिपुत्र, त्याला ट्यूबवर शेवटची जागा.

"मग बघूनच येऊ," आत्या म्हणाली. आमच्या घरात आत्याच्या वाक्यावर पुढे चर्चा होत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. पुण्याला मध्यरात्री गाडीत बसलो, सगळा दिवस खिडकीतून आधी ऊस, मग काळी रानं, मग लाल माती बघत काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोइमतूरला उतरलो. तिथून मेट्टुपालयम तासा-दीड तासावर. मुक्कामाला जे लॉज घेतलं त्याचं नाव सांगत नाही. गरम पाणी 'चोवीस तास' होतं, म्हणजे मागितल्यापासून चोवीस तासांनी.

दिवस ३ : छोटी गाडी

उटीची डोंगरगाडी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुटते. तिकिटं फार आधी काढून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाहीत. मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून साधारण सव्वातीनशे मीटरवर आणि उटी २,२०० मीटरच्या वर. मधलं अंतर फक्त ४६ किलोमीटर, पण त्याला जवळजवळ पाच तास लागतात. कल्लार सोडलं की रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते. इंजिनाच्या खालचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकत अडकत चढतं आणि इंजिन डब्यांना ओढत नाही, मागून ढकलतं. आत्याचं निरीक्षण: "बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसाला घाट चढवायचा तर मागूनच ढकलावं लागतं."

हिलग्रोव्हच्या स्टेशनावर माकडांनी समोरच्या बाकावरच्या काकांच्या हातातला वडा नेला. कुन्नूरला वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं लागलं आणि निम्मी गंमत गेली. तिथून पुढे खिडकीतून दिसतात ते चहाचे मळे, आणि त्यांच्यामागे जिथे तिथे निलगिरी. आपली निलगिरी, म्हणजे त्यांची परकी. वेलिंग्टनपासून लव्हडेलपर्यंत आत्या त्या झाडांकडे अशा नजरेने बघत होती, जशी ती दुकानात खोटं प्रिस्क्रिप्शन घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघायची.

उटीला दुपारी पोचलो. ऊन लखलखीत आणि सावलीत मात्र दात वाजत होते. संध्याकाळी तळ्यावर गेलो, गर्दी बघितली, परत आलो. तळ्याबद्दल एवढंच.

दिवस ४ : दोड्डबेट्ट

सकाळी रिक्षा ठरवून दोड्डबेट्टला. नावाचा अर्थ कन्नडमध्ये आणि इथल्या बडगांच्या बोलीतही 'मोठा डोंगर', आणि नीलगिरीतला तो सगळ्यांत उंच: २,६३७ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी जवळपास हजार मीटर. आणि इथे मात्र गाडी थेट वरपर्यंत जाते. कळसूबाईच्या शिड्या आठवून मला हे जरा अन्यायाचंच वाटलं, आत्याला अजिबात वाटलं नाही.

वर दुर्बीणघर, मक्याची कणसं, फोटोवाले. लोक दुर्बिणीतून लांबचं बघत होते. आम्हाला जवळचं बघायचं होतं, म्हणून येताना रिक्षावाल्या अण्णांना वाटेत थांबवलं. मी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी मान हलवली, हसले आणि म्हणाले, "आयोडेक्स!" मग बोटाने पुढच्या वळणाकडे खूण केली. शास्त्रीय नाव, संस्कृत नाव, व्यापारी नाव सगळं मी पाठ करून गेले होते. कामाला आला तो आयोडेक्स.

वळणावर डोंगर कापून रस्ता काढलेला, त्या कापाच्या उघड्या मातीत ते उभं होतं. पहिली प्रतिक्रिया खरी सांगायची तर: एवढंसंच? कमरेइतकं झुडूप. पानं चिवट, जाड, कडेला बारीक दाते, खालच्या बाजूला तांबूस ठिपके. कोवळा शेंडा लालसर. लांबून बघाल तर शेजारच्या चार झुडपांत वेगळं काढता येणार नाही.

मग वाकलं की फुलं दिसतात. पानांच्या बेचक्यांतून निघालेले छोटे घोस आणि त्यांना उपड्या टांगलेल्या पांढऱ्या लोट्या. फूल केवढं, तर ज्वारीच्या दाण्याहून थोडंसं मोठं. पोट फुगीर, गळा आवळलेला, काठाला पाच इवल्या पाकळ्यांची टोकं मागे मुरडलेली. हळदीकुंकवाला चांदीच्या लोट्या वाटायची पद्धत मुंग्यांमध्ये असती तर त्या अशाच असत्या. हीथ कुळातल्या बऱ्याच फुलांचा घाट हाच. आणि आत आणखी एक युक्ती: परागकोश चिरा पडून उघडत नाहीत, त्यांना टोकाशी भोकं असतात, मिरपुडीच्या डबीसारखी. कुणीतरी येऊन हलवल्याशिवाय पराग पडत नाही. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात एक माशी आली, लोटीला खालून लटकली, आणि सगळा घोस थरथरला.

त्याच फांदीवर मागच्या फुलांची फळंही होती, गडद निळी. ही निळाई फळाची नव्हे. फूल गळालं की त्याखालचा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालची वाटी, मांसल होत, फुगत, खऱ्या फळाला पोटात घेतो आणि निळा होतो. आत्या म्हणाली, "करवंदाची धाकटी जाऊ."

आणि वास? मी नाक खुपसलं. फुलांना मंद, गोडसर. पानाला काहीच नाही. आत्याचं तोंड उतरलं. "एवढ्या लांब आलो, आणि..." म्हणत तिने खाली पडलेलं एक हिरवं पान उचललं, तळहातावर घेतलं आणि तंबाखू मळावी तसं अंगठ्याने मळलं. दोन-तीन सेकंद काही नाही. मग आला! शाळेच्या मैदानाचा वास. मुका मार लागल्यावर बाई जे काळं मलम लावायच्या त्याचा, कबड्डीच्या संघाचा, आजोबांच्या पाठीचा. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघी तळहात नाकाला लावून उभ्या आणि अण्णा रिक्षात बसून आमच्याकडे बघून हसताहेत.

ही दोन-तीन सेकंदं उगाच लागत नाहीत. अख्ख्या पानात वासाचं द्रव्य, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, मोकळं नसतंच. साखरेला बांधून ठेवलेलं असतं. पान चुरगळलं की पेशी फुटतात, पानातलंच विकर (एन्झाइम) त्या जोडीपर्यंत पोचतं, गाठ सोडवतं, मग वास सुटतो. म्हणून तेल काढणारे पानं एकदम भट्टीवर चढवत नाहीत, आधी कोमट पाण्यात भिजत घालतात. आत्याला हे सांगितलं तर तिने दुकानदाराच्या आवाजात विचारलं, "म्हणजे ऑर्डर आल्याशिवाय माल बनवतच नाही?"

आम्ही उभ्या होतो त्या दोड्डबेट्टच्याच उतारांवर १८६०च्या दशकात इंग्रजांनी मलेरियासाठी सिंकोना लावला होता, ज्याच्या सालीतून कोयनेल काढतात ते झाड. ते कोयनेल तपासायला सरकारी रसायनतज्ज्ञ ठेवला होता, ब्रॉटन नावाचा. सिंकोना बघता बघता त्याचं लक्ष या झुडपाकडे गेलं. १८७०च्या आसपास त्याने दाखवून दिलं की याचं तेल म्हणजे अमेरिकेतून येणारं, विंटरग्रीन नावाच्या झुडपाचं महागडं तेलच. पुढे जाऊन त्या तेलापासून त्याने कार्बोलिक ॲसिडही बनवलं, अगदी शुद्ध. पण दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारं कार्बोलिक त्याहून कितीतरी स्वस्त पडत होतं. प्रकरण तिथेच मिटलं.

परतताना आत्या गप्प होती. हॉटेलवर पोचल्यावर तिने बाम लावला नाही. "आज पान लागलंय," म्हणाली. मळलेल्या एका पानाने गुडघा बरा होत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दिवस ५ : बाजार आणि दोन पेले

उटी शहरात पाच पावलांवर एक तेलाचं दुकान. निलगिरी तेल, गवती चहाचं तेल, लवंग तेल, विंटरग्रीन तेल, शिवाय केस वाढवायचं, केस थांबवायचं. घरगुती चॉकलेटं त्याच फळीवर. एका दुकानात आत्याने विंटरग्रीनची बाटली घेतली, बूच काढून वास घेतला आणि विचारलं, "पानाचं की कारखान्याचं?" माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला, "शंभर टक्के नॅचरल, अम्मा." किंमत ऐकून आत्या मला मराठीत म्हणाली, "या भावात पानाचं तेल तर सोड, पानं वेचणाऱ्याची मजुरी निघणार नाही." तरीही बाटली घेतली. निलगिरीचीही एक घेतली.

संध्याकाळी खोलीत तिने दोन काचेचे पेले मागवले, अर्धे पाणी भरून. एकात निलगिरीचे चार थेंब: वर तरंगले, पसरले. दुसऱ्यात विंटरग्रीनचे चार थेंब: पाण्यात शिरले आणि गोल गोल मण्यांसारखे सरळ तळाला जाऊन बसले. मी आत्तापर्यंत बुडणारं तेल पाहिलं नव्हतं. हे पाण्याहून एक षष्ठांशाने तरी जड असतं.

"म्हणजे खरं आहे?" मी विचारलं.

"मिथाइल सॅलिसिलेट आहे, एवढं खरं. पानाचं का कारखान्याचं ते पेला सांगत नाही. दोन्ही बुडतं." मग पलंगावर पाय लांब करून तिने जी गोष्ट सांगितली ती मला अख्ख्या सहलीत सगळ्यांत आवडली. "त्या तुझ्या ब्रॉटनने काय केलं? तेलापासून कार्बोलिक केलं. कार्बोलिक म्हणजे फिनॉल. आता कारखान्यात काय करतात? पेट्रोलियमपासून फिनॉल, फिनॉलपासून सॅलिसिलिक ॲसिड, आणि त्यापासून हे तेल. रस्ता तोच गं, फक्त गाड्या उलट्या बाजूने चालल्यात."

शेवटी पेले तिने स्वतः उठून बेसिनमध्ये ओतले, साबणाने दोनदा धुतले आणि वेटरला परत न देता बाजूला ठेवले. हे तेल पोटात जाऊ देऊ नये. चहाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, जवळजवळ ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं. साध्या ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्यांइतकं. लहान मुलाच्या जिवावर बेतायला तेवढं पुरे. वास गोड, चॉकलेटच्या शेजारी ठेवलेली बाटली, आणि बुचाला फिरकी साधी. दुकानदाराने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर असलं तेल वा मलम अंगभर चोळण्याआधीही डॉक्टरांना विचारावं, हे आत्याचं आपल्या सगळ्यांसाठी.

(जाता जाता: 'उटी' हा आपल्याकडे चंदनाचा लेप. लेपाच्या नावाच्या गावात लेपाचं झाड शोधत फिरतोय, हे माझ्या लक्षात पाचव्या दिवशी आलं.)

दिवस ६ : ॲव्हलांच

उटीहून पंचवीसेक किलोमीटर. आत वनखात्याच्या गाडीनेच जावं लागतं आणि ते बरंच आहे. इथे ८ ऑगस्ट २०१९ला एका दिवसात ८२० मिलिमीटर पाऊस झाला होता. मुंबईकरांना अंदाज यावा म्हणून: २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४. तो पाऊस या डोंगरांनी कसा झेलला असेल ते शोला बघितल्यावर थोडं कळतं. शोला म्हणजे दोन टेकड्यांच्या घडीत दाटलेलं ठेंगणं, शेवाळलेलं रान. त्याच्या बाहेर एकदम गवताळ उतार, मध्ये कुंपण घातल्यासारखी रेघ. उघड्या गवतावर थंडीत दव गोठतं आणि शोलाची रोपं त्यात तग धरत नाहीत, हे त्या रेघेमागचं एक मोठं कारण.

त्या गवतात अधूनमधून एकटी उभी होती ती लाल फुलांनी पेटलेली बुरांशाची झाडं, दक्षिणेतल्या डोंगरांची स्वतःची उपजात. खोड वाकडंतिकडं, साल जाड, आगीला आणि हिवाला पुरून उरणारी. आणि शोलाच्या कडेने, जिथे गवत संपतं पण रान सुरू झालेलं नसतं त्या पट्ट्यात, गंधपुरा. इथे एक नाही, वीस-पंचवीस झुडपं एका नजरेत. बुरांश आणि गंधपुरा एकाच कुळातले भाऊ. दोघांनाही आंबट, निकस माती लागते. असल्या मातीत बाकीच्यांची उपासमार होते, पण या कुळाच्या केसासारख्या मुळांत एक बुरशी घर करून राहते. ती कुजक्या पाचोळ्यातला नत्र काढून झाडाला देते, आणि झाड तिला साखर. खत घातलेल्या बागेत याचं जमत नाही म्हणतात ते त्यामुळेच असावं.

पलीकडच्या उतारावर मात्र वॅटल. हीही बाभूळवर्गातली ऑस्ट्रेलियन पाहुणी, कातडी कमावण्याच्या सालीसाठी आणलेली. तिच्याखाली गवत नाही, गंधपुरा नाही, काही नाही. गाडीतल्या वनरक्षक दादांनी तोडलेल्या वॅटलचा एक पट्टा दाखवला. तिथे गवत परत येऊ लागलं होतं, आणि वॅटलची रोपं त्याहून जोरात.

इथे आम्ही पान चुरगळलं नाही. वनरक्षक समोर होते म्हणून नव्हे. आत्याच म्हणाली, "काल-परवा झालं की एकदा." मग ती गाडीच्या पायरीवर बसून राहिली आणि मी जवळजवळ पाऊण तास एका घोसाचे फोटो काढले. त्यातले तीन बरे आलेत.

परतताना तोडा या इथल्या आदिवासींच्या एका वस्तीजवळून आलो. ते अर्ध्या पिंपासारखे वाकवलेले छप्पर लांबून पाहिले. आत जाऊन कुणाच्या घराचे फोटो काढणं जिवावर आलं.

दिवस ७ आणि ८ : उतार

बसने मेट्टुपालयम. घाटात आत्याला उलटीसारखं व्हायला लागलं तर तिने पर्समधून रुमाल काढला आणि त्यावर निलगिरीचे दोन थेंब टाकून नाकाला धरला. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "परकं असलं म्हणून काय झालं, उपयोगी आहे."

कोइमतूरला गाडीत बसलो. सामानात उटीच्या वर्कीचे चार पुडे होते. ही खुसखुशीत, थरांची बिस्किटं, त्यांना २०२३ला भौगोलिक मानांकन मिळालंय, घरी सगळ्यांना वाटायची होती. रात्री बर्थ लावायला बॅग ओढली तर बॅगेतून ओळखीचा वास. विंटरग्रीनची बाटली आडवी झाली होती आणि तिचं ते साधं बूच ढिलं. तेल कपड्यांतून झिरपत थेट वर्कीवर.

मी एक पुडा पुसून बघत होते, वरचा कागदच तेवढा भिजलाय का म्हणून. आत्याने हातातून हिसकावला. "चारही फेकायचे. एक तुकडा कुणाच्या तोंडात जाता कामा नये." प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, वर गाठ मारून, तिने ते पुढच्या स्टेशनवरच्या कचरापेटीत टाकायला मला उतरवलं. गाडी तीन मिनिटं थांबणार होती, मी दोन मिनिटांत परत आले.

डब्यात वास तसाच दाटलेला. वरच्या बर्थवरचे गृहस्थ झोपेतून उठून बसले होते, दोन्ही बाजूंना बघत होते.

"कुणाला लागलंय का हो?" त्यांनी विचारलं. "माझ्याकडे क्रेप बँडेज आहे."